माउस हलवायला

फहाहीलच्या या फ्लॅटात मोठा कॉम्प्युटर
बेडरूममध्येच ठेवावा लागला.
एसी धड तिथलाच, आणि उकाडा
मला चालतो, मशीनला चालत नाही.
मी स्वयंपाकघराच्या टेबलावर. लॅपटॉप, कोथिंबिरीची जुडी,
आणि कुणाच्या तरी व्हिलाचा तळमजला.
मधे एक भिंत. पलीकडे मुबीन,
रिफायनरीची रात्रपाळी करून आलेला,
काचेला चिकटवलेल्या चांदीच्या कागदाआड
दुपारची रात्र करून झोपलेला.

नकाशे सगळे त्याच्या उशाशी.
मी इथून उघडते, जिना दोन पायऱ्यांनी वाढवते,
कणीक मळते, हात धुते
(जुलैत थंड नळाचं पाणी चहाला चालेल असं),
आणि सेव्ह करायला जावं तर
'नेटवर्कवरची जागा सापडत नाही.'
भिंतीपलीकडची जागा. सात पावलांवरची.

मग सात पावलं.
अनवाणी, कारण चपला बोलतात.
कडीचा आवाज बोटांत दाबून,
अंधारात हात पुढे. माउस हलवायचा.
स्क्रीन उजळते, ती मी ओढणीने झाकते,
उजेड त्याच्या डोळ्यांवर जायला नको.
परत सात पावलं. जागा सापडते.
दिवसातून आठ वेळा, नऊ वेळा.

तिसऱ्या मजल्यावरचा वर्गीस म्हणाला, केबल.
बदलली. बकाल्याशेजारच्या दुकानात दीड दिनार.
म्हणाला, राउटर मायक्रोवेव्हपासून लांब. ठेवला, फ्रिजवर.
दोन्ही मशीनना एकच नाव तर नाही ना? नव्हतं.
पत्ता दर वेळी बदलतो का? पक्का करून दिला,
शेवटचे आकडे म्हसळ्याच्या घराचा नंबर,
विसरायला नको म्हणून.
तरी तुटायचंच.
अबू फहादच्या ऑफिसातून फोन: मॅडम, जिना?
जिना भिंतीत अडकलाय, हे त्याला कुठल्या भाषेत सांगू?

शेवटी काळी खिडकी उघडून पिंग लावून दिला, न थांबणारा.
आहेस का? आहे.
आहेस का? आहे, एका मिलिसेकंदात.
इतक्या लवकर या घरात मला कुणी ओ दिलेली नाही.
भेंडी चिरत वाचत राहिले.
आहे. आहे. आहे.
पंधराव्या मिनिटाला:
वेळ संपली. वेळ संपली.

म्हणजे बिघाड नव्हताच.
केबल धड, राउटर धड, वर्गीससुद्धा धड.
पंधरा मिनिटं कुणाचा हात लागला नाही
की ते डोळे मिटायचं, एवढंच.
कारखान्यातूनच शिकवून पाठवलेलं.

शुक्रवारी मुबीन जुम्म्याला गेला
तेव्हा पहिल्यांदा त्या खुर्चीवर दिवा लावून बसले.
'झोप'च्या पुढे पंधरा मिनिटं होतं,
तिथे 'कधीच नाही' केलं.

रविवारी जिना गेला, मंगळवारी गच्ची.
अबू फहाद शुक्रन म्हणाला, पैसे पुढच्या महिन्यात म्हणाला.
दुपारभर मी जागची हलले नाही.
भाकरीसुद्धा करपली नाही.

बुधवारी संध्याकाळी मोजे शोधता शोधता मुबीन म्हणाला,
"हल्ली माउस हलवायला येत नाहीस."
"तू तर झोपलेला असायचास."
"असायचोच की. ओढणीला फोडणीचा वास यायचा,
मग परत लागायची."
एक मोजा पलंगाखाली मिळाला.
खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा, लांब.
तो एका काळ्या, एका करड्या मोज्यावर बूट चढवून गेला.

चहाचा कप उचलायला मी आत गेले.
एसी बंद. चांदीच्या कागदाच्या फटीतून
अजून थोडं ऊन येत होतं.
मशीन जागंच होतं, बारीक घरघरत, कुणी हात न लावता.
दुसरा मोजा माउसच्या वायरीत होता.